हातभर मोगरा

निधीची टोपली काठोकाठ भरली होती आणि ती स्वतःवर भलतीच खूश होती. का नसावी? पहाटे साडेचारला उठून, आईबाबांना उठवून, अंबत्तूरच्या फ्लॅटपासून तासभर गाडी हाकत ती तिरुवळ्ळूरच्या पुढे या मोगऱ्याच्या मळ्यात येऊन पोचली होती. मे महिन्यात दर रविवारी हा मळा सगळ्यांना खुला असे. फाटकाशी टोपली घ्यायची, ऊन तापायच्या आत हवी तेवढी फुलं आपल्या हातानं तोडायची आणि घरी न्यायची. लोक पोराबाळांसकट येत, फोटो काढत, निम्मी फुलं तोडत आणि निम्मी तुडवत. निधीनं मात्र अर्ध्या तासात टोपली भरली होती. एकेक फूल टपोरं, पांढरंशुभ्र, पूर्ण उमललेलं.

फाटकाशी उभ्या असलेल्या तरुणानं टोपलीत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यानं दोन बोटांत एक फूल उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परीक्षकानं नापास पोराची उत्तरपत्रिका ठेवावी तसं परत ठेवून दिलं. गुडघ्यापर्यंत दुमडलेली वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगी, वर कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचा विटलेला टी-शर्ट, पाय अनवाणी आणि चिखलानं माखलेले. ही फुलं काही कामाची नाहीत, असं त्यानं इंग्रजीत अगदी नम्रपणे सांगितलं.

निधीच्या आई, रत्नप्रभाबाई, यांचा आवाज फलटणच्या बाजारपेठेत घडलेला. परक्या मुलखात आपली भाषा कुणाला कळते, या भरवशावर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पोरगा दिसायला बरा आहे गं, पण तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं. फुलं काय त्याच्या बापाची आहेत का?"

"होय बाई," तो तरुण शांतपणे मराठीत म्हणाला. "बापाचींच आहेत. आणि एरंडेल लहानपणीं बहुत प्यालों."

रत्नप्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. निधीचे बाबा, शरदचंद्र, एसटीच्या आगारातून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले आणि सहसा गंभीर राहणारे, पण त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की पाठ फिरवूनच उभं राहावं लागलं. आणि निधी? ती त्या तरुणाकडे बघतच राहिली. तीन वर्षं ती चेन्नईत होती, पण असं मराठी तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. जणू कुणी जुन्या बखरीचं पान उघडून, मध्येमध्ये तमिळ हेल काढत, तिच्याशी बोलत होतं.

त्याचं नाव श्रीवत्स. घराणं तंजावरचं, पूर्वज तिथल्या मराठी राजांच्या चाकरीत आले आणि तिथलेच झाले. आजोबा चेन्नईला आले, वडिलांनी, बालाजीरावांनी, हा मळा घेतला. श्रीवत्स आठवड्याचे पाच दिवस शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसे आणि शनिवार-रविवार इथे चिखलात उभा राही. मराठी तो फक्त घरात बोलायचा, त्यामुळे घराबाहेरच्या माणसाशी बोलताना थोडा अडखळत होता.

"फुलांत वाईट काय आहे?" निधीनं विचारलं. तिचा स्वर अजून फुरंगटलेलाच होता.

"तुम्ही उमललेलीं तोडूलालां. मोगऱ्याची कळी तोडायची असते. सकाळीं तोडलेली कळी सांजेला उमलते. हीं फुलं कालच उमललीं... म्हणजे काल कोणाच्या तरी नजरेंतून सुटलेल्या कळ्या ह्या. दुपारपर्यंत पिवळ्या पडतील."

मुकी कळी तोडू नये, पाप लागतं, असं रत्नप्रभाबाईंनी तात्काळ बजावलं. फलटणला त्यांच्या अंगणात मोगरा होता आणि देवाला उमललेलंच फूल वाहायचं, हा त्यांच्या सासूचा कायदा होता. श्रीवत्सनं वाद घातला नाही. त्यानं आपली टोपली, कळ्यांनी भरलेली, मुकाट्यानं निधीच्या हातात दिली आणि तिची स्वतःकडे घेतली.

"सहा वाजतां बघा," एवढंच तो म्हणाला. "मग सांगा पाप लागलें कां."

त्या दिवशी अंबत्तूरच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या पातेल्यात त्या कळ्या पडून होत्या. संध्याकाळी पावणेसहापासून तिघंही काही ना काही निमित्तानं तिथं येऊन गेली. सहाच्या सुमारास पहिली कळी सैल झाली, मग दुसरी... आणि मग बघता बघता सगळं पातेलं. वास असा की शेजारच्या विजयलक्ष्मी मामींनी दार वाजवून चौकशी केली. निधी ओट्याला टेकून बराच वेळ उभी होती. पाप लागलं नाही हे त्या माणसाला कळवायला हवं, असं तिला फार वाटत होतं आणि नंबर घ्यायला आपण विसरलो याचा तितकाच राग येत होता.

पुढच्या रविवारी ती गजराशिवाय चार वाजता उठली.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं होतं. निधीचे आईबाबा काही नुसते उन्हाळ्याची सुट्टी घालवायला आले नव्हते. ते तिला न्यायला आले होते. निधी एका वाहन कंपनीत गुणवत्ता तपासणीला होती. जानेवारीत ती तापानं आठवडाभर एकटी पडून होती, तेव्हा तिनं रडत रडत कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात बदली मागितली. एप्रिलच्या अखेरीस बदली मंजूर झाली. मे संपून जो पहिला सोमवार येईल तोपर्यंत 'येते' किंवा 'नाही' एवढं कळवायचं होतं, आणि 'नाही' म्हणायचा प्रश्नच नव्हता. आईनं घरातलं एक कपाट तिच्यासाठी रिकामं करून, पुसून, आत नवा कागदसुद्धा अंथरला होता. परतीची तीन तिकिटं काढून झाली होती. सगळं ठरलेलं होतं, आणि निधीला ते ठरलेलं असण्याचा आनंदही होता. मे महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत तरी होता.

दुसऱ्या रविवारी निधीनं फक्त कळ्या तोडल्या. तोडताना ती एका ओळीत होती आणि श्रीवत्स शेजारच्या, आणि दोन ओळींच्या मधली झाडं कमरेएवढीच असल्यामुळे दोघांना बोलायला काही अडचण नव्हती.

"पाप लागलें कां?"

"आईला नाही लागलं. मला थोडंसं लागलंय असं वाटतं."

त्याच्या हातून एक हिरवी, उद्या तोडायची कळी चुकून तुटली. ती निधीनं पाहिली. श्रीवत्ससारख्या माणसाकडून चुकीची कळी तुटते म्हणजे आपण काहीतरी चांगलं बोललो, हे तिला समजलं.

तोडणी झाल्यावर सगळे पंपाच्या खोलीच्या सावलीत जमले. तिथे श्रीवत्सची आई, सईबाई, मांडी घालून फुलं बांधत बसल्या होत्या. निधीनं पर्समधून सुईदोरा काढला. सईबाईंनी तो पाहून कपाळावर हात मारला.

"अय्यो, फुलाला भोसकूं नये, मा. गाठींत बसवायचें त्याला."

आपल्याकडे गजरा ओवतात आणि इकडे बांधतात, हे निधीला तेव्हा कळलं. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे तोंड करून, दोऱ्याचा वेढा, बोटांतून फास आणि ओढ. सईबाईंची बोटं दिसतसुद्धा नव्हती, नुसती माळ लांब होत होती. पुरेशी झाली की त्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजत. हा त्यांचा हात, तमिळमध्ये मुळम. निधीला शिकवायचं काम श्रीवत्सवर आलं. तिनं फास ओढला की कळ्या टपाटप मांडीवर पडत. त्यानं तिच्या बोटाला धरून वेढा दाखवला, मग एकदम बोट सोडलं, आणि मग पुन्हा धरावं लागलं, कारण निधीला तो वेढा काही केल्या समजेना. ती इंजिनिअर होती आणि वेढा तिला पहिल्या वेळीच समजला होता, ही गोष्ट तिनं त्याला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितली.

जाणाऱ्या प्रत्येक बाईला सईबाई हातभर मोगरा देत. निधी बघत होती. लग्न झालेल्या बायकांच्या केसांत त्या स्वतः माळत. रत्नप्रभाबाईंच्याही माळला. मुलींना मात्र नुसता हातात देत, निधीलासुद्धा. हे असं का, असं तिनं गाडीपाशी श्रीवत्सला विचारलं.

त्यानं कान खाजवला. "अम्माला लग्नाचा मुलगा आहे ना."

"मग?"

"मुलाच्या घरच्या बाईनें चारचौघांत मुलीच्या केसांत फूल माळलें कीं... झालें. बोलणीं पक्कीं. तमिळ लोकांची रीत ती, आम्हीही घेतली. म्हणून अम्मा फार जपून असते."

"बरोबर आहे. जपायलाच हवं," निधी म्हणाली. "एखादीनं मुद्दाम डोकं पुढं केलं तर?"

श्रीवत्सचे कान लाल झाले. उन्हामुळे असतील. कत्तिरी म्हणजे इथल्या उन्हाळ्यातले सगळ्यात भाजून काढणारे दिवस सुरू झाले होते आणि सकाळच्या आठलाच कानशिलं तापत होती.

या वेळी निधी नंबर घ्यायला विसरली नाही. आठवडाभर फोन किणकिणत राहिला. तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, कारण देवनागरी त्याला अडखळत वाचता यायची. निधी मुद्दाम देवनागरीत लिहायची, म्हणजे तिचा प्रत्येक निरोप त्याला दोनदा वाचावा लागे. बुधवारी संध्याकाळी तो केळीच्या पानात बांधलेल्या कळ्या घेऊन दारात उभा राहिला. ऑफिसातून घरी जाताना वाटेतच होतं म्हणून आलो, असं त्यानं शरदचंद्रांना सांगितलं. तो गेल्यावर शरदचंद्रांनी मोबाइलवर नकाशा उघडला. आयुष्यभर एसटीचे मार्ग आखलेला माणूस तो. शोळिंगनल्लूरचं ऑफिस आणि त्याच्या जवळचं श्रीवत्सचं घर शहराच्या एका टोकाला आणि अंबत्तूर दुसऱ्या. त्यांनी नकाशा जरा वेळ पाहिला, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मोबाइल खिशात घातला आणि बायकोला काही म्हणजे काही सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी श्रीवत्सनं ताडगोळे आणले होते. विहिरीच्या कठड्यावर बसून दोघं ते अंगठ्यानं उकरून खात होती, गार पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, आणि इतकं बरं वाटत होतं की निधीला एकदम अपराध्यासारखं झालं. तिनं त्याला बदलीचं सांगून टाकलं. जानेवारीतला ताप, रडणं, सोमवार, कपाट, तीन तिकिटं, सगळं. सांगून झाल्यावर ती थांबली. माणूस असं सांगून थांबतो तेव्हा कशासाठी थांबतो, हे जगात कुणालाही कळावं.

श्रीवत्स हातातल्या ताडगोळ्याकडे बघत होता.

"तुम्हींच मागितली होती बदली?"

"हो. मीच."

"सरी... बरें," तो म्हणाला. "घरचीं माणसें जवळ असलीं म्हणजे चांगलें... चाकणला थंडी बरी पडते म्हणे."

थंडी. निधीनं ताडगोळ्याचं साल विहिरीपलीकडे भिरकावलं. मंगळवारी त्याचा निरोप आला, तोही देवनागरीत, कष्टानं टाइप केलेला. निधीनं तो लगेच उघडला. त्यात सामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांचे नंबर होते, आणि खाली लिहिलं होतं की दुसऱ्या नंबरवाले काचेचं सामान नीट बांधतात.

निधी त्या रात्री लवकर झोपायला गेली आणि झोपली नाही. त्याच्यावर चिडावं तर त्यानं वाईट काय केलं होतं? तिला हवं होतं म्हणाली ते मिळवायला मदतच करत होता. राहा असं कुणी म्हणावं म्हणून आपण आयुष्याचे निर्णय अडकवून ठेवणार का, असं तिनं स्वतःला खडसावून विचारलं. उत्तर 'हो' असं आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. चाकण चांगलं होतं. आई चांगली होती. कपाटातला नवा कागदसुद्धा चांगला होता. फक्त तिथं संध्याकाळी सहा वाजता ती कुणाला काय कळवणार होती?

चौथ्या रविवारी ती मळ्यात गेली नाही. सामान बांधायचं आहे, असं तिनं कळवलं. त्यावर सईबाईंचा स्वतःचा फोन आला, रत्नप्रभाबाईंना. महिन्याच्या शेवटच्या रविवारी टी. नगरच्या एका मंगल कार्यालयात त्यांच्या तंजावरी मराठी मंडळींचा उन्हाळी मेळावा असतो. जेवण, खेळ, फुलं बांधायची स्पर्धा. जाण्याआधी एकदा यावंच. रत्नप्रभाबाईंना सईबाई मनापासून आवडल्या होत्या. त्यांनी निधीला न विचारताच होकार दिला.

टी. नगरमध्ये गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे पूर्वजन्मीची पुण्याई. ती नसल्यामुळे तिघं रिक्षानं गेली आणि साड्यांच्या दुकानांपुढच्या गर्दीतून वाट काढत, घामाघूम होत कार्यालयात पोचली. आत मोठाले पंखे गरगरत होते. बालाजीराव माइक हातात घेऊन एकाच वाक्यात मराठी, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सूचना देत होते. निधीनं आल्या आल्या श्रीवत्सला पाहिलं. तो स्पर्धेसाठी केळीच्या पानांवर कळ्यांचे ढीग मांडत होता. आज त्यानं पांढरा शर्ट घातला होता, पाय स्वच्छ होते आणि चेहरा खरोखरच एरंडेल प्यायल्यासारखा होता.

"नंबरांबद्दल आभार," ती म्हणाली. "दुसऱ्या नंबरवाले खरंच चांगले आहेत."

"होय," तो म्हणाला, आणि पुढे काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात बालाजीरावांनी स्पर्धा पुकारली आणि रत्नप्रभाबाईंनी निधीला पाठीत ढकलून पुढं केलं.

स्पर्धेचा नियम सोपा होता. वीस मिनिटांत प्रत्येकीनं आपल्या हाताच्या मापानं हातभर फुलं बांधायची. निधी उंच, तिचा हात लांब, म्हणजे तिला सगळ्यांपेक्षा जास्त बांधणं आलं. शेजारी महालक्ष्मी नावाच्या आजी बसल्या होत्या, त्यांचं बांधून होऊन गप्पाही सुरू झाल्या तरी निधी अजून कोपरापासून वीतभरच पुढं गेली होती. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे. वेढा. फास. ओढ. समोर खांबाला टेकून श्रीवत्स उभा होता. ती चुकली की त्याचा हात नकळत हवेत वेढा घ्यायचा. तिनं मान वर केली नाही, तरी तिला ते दिसत होतं. तिनं शेवटची गाठ नको इतकी घट्ट ओढली.

तिचा नंबर शेवटचा आला. पण परीक्षक बाईंनी प्रत्येक माळ तीनदा झटकून पाहिली, तेव्हा सगळ्यांच्या दोन-चार कळ्या गळल्या आणि निधीच्या माळेतून एकही पडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रत्नप्रभाबाईंना तर लेकीनं सुवर्णपदक मिळवल्यासारखं झालं. त्यांनी ती माळ उचलली, शेजारी उभ्या असलेल्या सईबाईंच्या हातात ठेवली आणि आपल्या त्या बाजारपेठी आवाजात, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सईबाई, मला काही तुमच्यासारखं जमत नाही. तुम्हीच माळा माझ्या पोरीच्या केसांत."

पंखे तेवढे फिरत राहिले. बाकी सगळं थांबलं. महालक्ष्मी आजींनी गप्पा अर्ध्यावर सोडल्या. बालाजीरावांनी माइक बंद करायच्या ऐवजी तोंडाजवळ नेला, आणि त्यांचा श्वास साऱ्या कार्यालयात घुमला. सईबाई माळ हातात धरून उभ्या. माळावी तर लेकाचं लग्न ठरलं, न माळावी तर आलेल्या पाहुणीचा चारचौघांत अपमान. रत्नप्रभाबाई मात्र हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होत्या. आपण काय मागून बसलो याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

श्रीवत्स खांब सोडून पुढं आला. तो आईशी बोलला, पण हळू बोलायचं त्याला सुचलं नाही.

"हातांत दे, अम्मा. त्यांना आपली रीत ठावी नाही. उद्यां जाणारीं माणसें तीं... अडकवूं नकोस."

सईबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माळ निधीच्या हातात द्यायला पुढं केली. निधीनं हात पुढं केला नाही.

ती त्या माळेकडे बघत होती. तिच्या हाताची लांबी, तिच्या गाठी. काल कोणाच्या तरी नजरेतून सुटलेल्या कळ्या, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. ही संध्याकाळ सुटली की उद्या सोमवार होता.

"आईला माहीत नाही," निधी म्हणाली. "मला माहीत आहे."

श्रीवत्स आईकडून तिच्याकडे वळला.

"पण काकू डोक्यात माळतील त्याआधी कुणीतरी मला काहीतरी विचारायला हवं ना? दोन आठवडे मी वाट बघतेय. मला थंडीचं सांगितलंत. सामान बांधणाऱ्यांचे नंबर दिलेत. एवढं सगळं बोललात... तेवढं एक सोडून."

"घरीं जाणाऱ्या माणसाला आडवावें कसें?" तो म्हणाला. त्याचा तो नीटनेटका, परीक्षकाचा चेहरा पार विस्कटला होता. "मी आडवलें आणि तुम्ही राहिलात आणि मग पुन्हां कधीं ताप आला, रडूं आलें, तर... माझ्यामुळें झालें असें होईल ना."

"ताप आला तर काय कराल?"

"येईन."

"शोळिंगनल्लूरहून? अंबत्तूरला?"

"वाटेंतच आहे," तो म्हणाला.

शरदचंद्रांना पुन्हा ती खोकल्याची उबळ आली. निधी हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदम. श्रीवत्स एक पाऊल पुढं आला. आता तो आईशी बोलत नव्हता, कार्यालयाशी बोलत नव्हता.

"मला तूं फार आवडतेस, निधी. त्या पहिल्या टोपलीपासून. मी बहुत हळू आहें, मला ठावें आहे... पण राहशील?"

त्यानं पहिल्यांदाच तिला 'तूं' म्हटलं होतं. निधी सईबाईंपाशी गेली, पाठमोरी झाली आणि तिनं मान खाली घातली, वेणी त्यांच्यापुढं येईल अशी.

सईबाईंनी माळ दुहेरी केली. लांब हाताची माळ ती, दुहेरी करूनही मोठी झाली. त्यांच्या आयुष्यभर सरावलेल्या बोटांना या वेळी मात्र आकडा खोचायला तीनदा प्रयत्न करावा लागला. "माझें बाळ तें," एवढंच त्या पुटपुटल्या, आणि मग कार्यालयात जो गलका उठला त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही.

रत्नप्रभाबाईंना सगळं समजावून सांगायला महालक्ष्मी आजींना पाच मिनिटं लागली. त्या खुर्चीवर बसल्या. आधी एकदम पांढऱ्या झाल्या, मग लाल.

"म्हणजे... मीच?"

"तुम्हींच," आजी म्हणाल्या. "तुम्हींच मागणी घातलीत. अस्क्या लोकांदेखत."

लेक जवळ येणार म्हणून महिनाभर रत्नप्रभाबाई ज्या आनंदात होत्या, तो हातातून निसटताना त्यांना दिसत होता, आणि समोर लेकीचा चेहराही दिसत होता. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर रडलेला तो चेहरा इतका खुललेला कधीच दिसला नव्हता. निधी त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

"आई, कपाट..."

"राहू दे रिकामं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. "सुट्टीला दोघं याल. एका कपाटात कसं मावायचं ते तुमचं तुम्ही बघा." मग श्रीवत्सकडे वळून त्यांनी विचारलं, "एरंडेल अजून घेता का हो?"

शरदचंद्र एव्हाना चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसले होते. काय चाललंय असं निधीनं विचारलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले की तिसरं तिकीट रद्द करतोय, उगीच कुणा गरजू प्रवाशाची जागा कशाला अडवायची.

मेळावा संपून सगळे रस्त्यावर आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि समुद्राकडून थोडा वारा सुटला होता. दोघांच्या आया पुढं चालल्या होत्या, एकमेकींच्या भाषेला हसत. मागे गर्दीत निधी आणि श्रीवत्स. बसचे हॉर्न, रिक्षांची दाटी, दुकानांतून बाहेर सांडणारी माणसं, आणि त्या सगळ्यातून तिला अगदी बारीक असा तो वास आला. ती थांबली. स्वतःच्या केसांतली फुलं स्वतःला दिसत नाहीत.

"किती वाजले?"

"सहा."

"बघ ना," ती म्हणाली. "उमलली का?"

त्यानं तिला फुटपाथच्या कडेला घेतलं, तिच्या मागं उभा राहिला आणि नीट पाहिलं.

"एक," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "दोन..."

"बाकीच्या?"

"व्हायच्या आहेत. थांबूं या."

पुढून रत्नप्रभाबाईंनी हाक मारली, रिक्षा मिळाली म्हणून. निधीनं त्यांना हात केला, तुम्ही व्हा पुढं, आणि ती तिथंच उभी राहिली.